गेबवर दोन माणसं

कॉर्बी, पेनसिल्व्हेनिया
रविवार, २ ऑक्टोबर १९८३

पीट,

तुझा पत्ता डोलोरेसने दिला. खरं तर दिला नाही. तो तिच्या फ्रिजवर चिकटवलेला होता, मी उतरवून घेत होतो तेव्हा तिने माझ्याकडे पाठ केली एवढंच. ह्यूस्टन, टेक्सास, आणि खाली एका ट्रेलरचा नंबर. नवऱ्याचा पत्ता बायकोला असा लावून ठेवावा लागतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मार्चमध्ये तुझ्या दारात आपण एकमेकांना जे बोललो ते बोललो. ते मागे घ्यायला हे पत्र नाही. आपलं टिल्डन सोडून नदी ओलांडून कॉर्बीच्या शाळेत फुटबॉल शिकवायला गेलो म्हणून मी घरभेदी, आणि बायकोपोराला सोडून दीड हजार मैल गेलास तो तू कर्ता पुरुष. असू दे. कारखाना बंद झाल्यावर या खोऱ्यातले निम्मे बाप टेक्सासला गेलेत. त्यातले काही जण फोन करतात.

लिहायचं कारण तुझा मुलगा, माझा पुतण्या. गेब गाजतोय.

तू शाळेत असताना चेंडू पोटाशी धरून, डोकं खाली घालून घुसायचास. मैदानाच्या कडेला काय चालतं ते तुला कधी दिसलंच नाही, म्हणून नीट सांगतो. गेब कडेला एकटा उभा राहतो. डाव सुरू झाला की पळत सुटतो, आणि तो जिथे वळेल तिथे चेंडू फेकला जातो. साध्या पोराला रोखायला एक माणूस पुरतो, तो त्याच्या नाकासमोर उभा राहणारा कॉर्नर. गेबला पुरत नाही. सुरुवातीला ज्यांनी एकच ठेवला त्यांची काय अवस्था झाली ते पेपरात फोटोसकट आलंय. तेव्हापासून जो तो त्याच्यामागे आणखी एक सेफ्टी ठेवतो, लांब, केवळ गेबसाठी. अकरातले दोन एकट्या पोरावर. उरलेल्या दहांना नऊ जणांनी थोपवायचं, आणि मग मधल्या खिंडारातून कोस्टेलोचं ते जाडं पोर रेड्यासारखं निघून जातं. चेंडू गेबच्या हातात न येताही त्याची शाळा, टिल्डन, जिंकतेय.

आम्हा बचाव शिकवणाऱ्यांची कुणाला मान द्यायची हीच पद्धत आहे. टाळ्या कुणीही वाजवतं, फुकट असतात. दुसरा माणूस देणं म्हणजे आपल्या पानातलं काढून देणं.

स्टेट युनिव्हर्सिटीचा माणूस दोनदा येऊन गेला. करडी टोपी घालतो, कुणाशी बोलत नाही. फेब्रुवारीत सही झाली तर चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे. आपल्या घरात आजवर सगळ्यांनी सही केली ती कारखान्याच्या हजेरीवर. आता तीही सोय नाही, तेव्हा याच एका दारातून पोरगं बाहेर पडेल, नाहीतर इथेच कुजेल. हे तुला वेगळं सांगायला नको.

आमचा टिल्डनशी सामना अठ्ठावीसला. तुझ्या मुलाला अडवायचं काम माझ्याकडे, कारण कॉर्बीचा बचाव मी बघतो. ये बघायला. हसशील तरी.

गेबची तब्येत उत्तम आहे. डोलोरेसही बरी आहे. काळजीचं कारण नाही. तू काळजी करत असशील असं धरून चाललोय.

एमिल


सोमवार, १७ ऑक्टोबर

पीट,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती, पण टपालवाल्याकडे बघण्याची सवय लागली.

काल प्रार्थनेनंतर पुलावर गेलो. तुला आठवत असेल, सामन्याआधी दोन्ही शाळांचे मदतनीस कोच पुलाच्या मधोमध भेटतात आणि आपापल्या आधीच्या सामन्यांच्या रिळांचे डबे एकमेकांना देतात. एरवी शिव्या घालतील, पण रीळ खोटं देणार नाहीत. टिल्डनकडून स्टॅश आला होता. तुझ्याबरोबर भट्टीवर होता तो. नेहमी तो माझ्या पोटावरून काहीतरी बोलतो. काल बोलला नाही.

"काय रे, मांजर मेलं का घरात?" मी म्हटलं.

"घे रिळं," तो म्हणाला. "बघशीलच तू."

तळघरात इरीनची धुतलेली चादर टांगली आणि प्रोजेक्टर लावला. इरीन वरून ओरडत होती की त्या चादरीवर पाहुणे झोपणार आहेत. आपल्याकडे पाहुणे येतात कुठून ते मी विचारलं नाही.

पहिलं रीळ बघताना काही जाणवलं नाही. दुसरं लावलं आणि मग पहिलं परत लावलं. पीट, तो लंगडत नाहीये. लंगडला असता तर कुणालाही दिसलं असतं. तो सरळ पळतो. बारा यार्ड सरळ जातो आणि थांबतो. डावा पाय रोवून एकदम उजवीकडे वळणं, जे त्याचं हुकमी, ते दोन्ही रिळांत एकदाही नाही. आणि डाव संपल्यावर परत येताना तो डाव्या पायाची टाच आधी टेकवतो, मग पाऊल. रोलरखाली पाय सापडल्यावर तू वर्षभर असाच चालायचास. कारखान्यातून घरापर्यंत मी तुझ्या मागे मागे यायचो. ती चाल मी झोपेतही ओळखेन.

आणि तरीही दोन माणसं त्याच्यावर. दोन्ही सामन्यांत, शेवटपर्यंत. पोराच्या पायात काही उरलं नाही, नुसत्या नावावर दोघांना अडकवून ठेवलंय. त्यांचा कोच व्हिटेकर हे पुरतं ओळखून आहे. पळू शकत नसलं तरी पोर उभं तर राहू शकतं, आणि उभं राहिलं तरी समोरचे दोघं कामातून जातात.

आता मी काय करायला हवं ते शेंबड्या पोरालाही सांगता येईल. गेबवर एकच माणूस ठेवायचा आणि दुसरा मधे आणून कोस्टेलोच्या पोरापुढे उभा करायचा. सामना आमचा. पण वर करडी टोपी बसलेली असणार. कॉर्बीने गेबवर एकच ठेवलाय हे त्याला तिसऱ्या डावात दिसेल, आणि चौथ्या डावात तो शेजाऱ्याला विचारेल, का.

मागच्या पत्रात तब्येत उत्तम म्हणून लिहिलं. मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे असं, की डोलोरेसकडे तुझा पत्ता उतरवून घेतला त्या दिवशी तो जिन्यावरून कठड्याला धरून एकेक पायरी उतरला होता, आणि मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, पोरगं मोठं झालं, आता दमानं चालतं.

तुला त्याने काही लिहिलंय का? असेल तर मला कळव. दोन ओळी चालतील.

एमिल


रविवार, २३ ऑक्टोबर

पीट,

काल गेबला भेटलो. चर्चच्या तळघरात बायका विकायला बटाटा भरलेल्या पिरोही करत होत्या, आणि हा पठ्ठ्या कोपऱ्यात स्टुलावर बसून बटाटे सोलत होता. डावा पाय दुसऱ्या स्टुलावर. बायकांना वाटत होतं काय गुणाचं पोर, शनिवारी बटाटे सोलतंय. मी शेजारी जाऊन बसलो आणि सुरी घेतली.

"शत्रूला बटाटे सोलू देतात का इथे?" तो म्हणाला.

"पाय कधी गेला?"

त्याने बायकांकडे बघितलं. "हळू बोल ना. मम्मी आहे तिकडे."

"तिला ठाऊक नाही?"

"तिला वाटतंय मुरगळलाय. गुडघा आहे, अंकल. सप्टेंबरात. कुणी अंगावर आलं पण नव्हतं. मी वळलो, कट्‌ झालं आतल्या आत, आणि मग पाय माझा राहिलाच नाही."

"डॉक्टर?"

"कुठल्या पैशावर? डॅडचा विमा कारखान्याबरोबर गेला. आणि डॉक्टरकडे गेलो की कागद होतो. कागद झाला की व्हिटेकरकडे, तिथून कॉलेजकडे. मग कोण येतंय माझ्या दारात?"

"कॉलेजचा डॉक्टर बघणारच आहे कधीतरी."

"सही झाल्यावर बघू दे. सही झाली की पाय त्यांचा. मग नीट करतील, त्यांना करावाच लागेल." बटाटा त्याने पाण्यात टाकला. "फेब्रुवारीपर्यंत दिवस काढायचेत. उभं राहायला काही लागत नाही. मस्त पट्टी बांधतात. व्हिटेकर म्हणतो, तू नुसता जा आणि उभा राहा, बाकी तुझं नाव बघून घेईल."

हे सतरा वर्षांचं पोर मला सांगत होतं, पीट, आणि त्याच्या बोलण्यात मला एकही चूक काढता येईना.

मग तो म्हणाला, "शुक्रवारी माझ्यावर दोन माणसं ठेव. सामना जाईल तुझा, कळतंय मला. बाकी कुणी एक ठेवला असता तर लोक म्हणाले असते येडा आहे तो कोच. पण तू माझा काका आहेस. तू एक ठेवलास तर सगळे म्हणणार, याला घरातलं माहितीये."

मी बटाटे सोलत राहिलो. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "डॅडला लिहितोस म्हणे?"

"लिहितो."

"उत्तर येतं?"

"येतं," मी म्हटलं. "तुझीच चौकशी करतो."

तेव्हा आता मला उत्तर पाठव, म्हणजे मी खोटा पडणार नाही.

आज चर्च सुटल्यावर व्हिटेकरला गाठला. त्याच्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवून म्हटलं, माझ्या पुतण्याला बसव. तो माणूस वाईट नाही, हेच त्याचं वाईट आहे. शांतपणे म्हणाला, "एमिल, तू त्याच्यावर एक माणूस ठेव, पुढच्या मिनिटाला मी त्याला बाकावर बसवतो. मग तो माझ्या काय कामाचा? पण तू दोन देणार असशील तर मी त्याला कशाला काढू? तू माझ्या जागी काढला असतास?"

नसता काढला. म्हणून मी बोनेटवरचा हात उचलला.

म्हणजे प्रकरण असं आहे. एक ठेवला तर गेब बाकावर बसेल, पाय कदाचित वाचेल, आणि करडी टोपी उठून जाईल, पुन्हा यायची नाही. दोन ठेवले तर नाव वाचेल आणि पोर त्या पायावर तासनतास उभं राहील. दोन्हीकडून त्याचंच जायचंय. मी कॉर्बीचा कोच म्हणून ठरवलं तर लोक काही म्हणोत. काका म्हणून ठरवायचं तर तो हक्क माझा नाही. बाप तू आहेस.

हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. शाळेतल्या कोचच्या खोलीचा फोन नंबर खाली लिहिलाय. शुक्रवारी दुपारी बारापासून मी तिथे बसून असेन. भांडायला नको, खुलासे नकोत, मार्चमधलं काही काढू नकोस. एक की दोन, एवढं सांग आणि ठेवून दे.

एमिल


शुक्रवार, २८ ऑक्टोबर, दुपार

पीट,

फोनजवळ बसलोय. दोनदा वाजला. एकदा बसवाला, किती पोरं येणार विचारायला. एकदा इरीन, की घोंगडी विसरलास.

आमचा म्हातारा मुख्य कोच मघाशी येऊन गेला. फळ्यावर मी काढलेली आखणी बघून म्हणाला, "त्या पोरावर अजून दोन? चार शाळांना त्यांनी मधून फाडलंय आणि तू तोच दरवाजा उघडा ठेवतोस?" मी म्हटलं, तो गेब होलोवाच आहे, त्याला एकट्यावर सोडता येत नाही. पुढच्या वर्षी दोन्ही शाळा एक होणार आहेत आणि कोच एकाच बाजूचे राहणार आहेत, हे त्यालाही माहीत आहे, मलाही. "तुझं तू बघ," म्हणाला आणि गेला.

बस चार वाजता निघते. तोवर इथेच आहे.

तीन वाजून गेले. बाहेर पोरं सामान चढवतायत.

ठीक आहे. दोन.

एमिल


रविवार, ३० ऑक्टोबर

पीट,

डोलोरेसने त्याच रात्री तुझ्या ट्रेलरपार्कच्या ऑफिसात फोन केला होता. तिथल्या बाईने निरोप देते म्हणून सांगितलं. निरोप पोचला की नाही मला माहीत नाही, म्हणून मी पुन्हा सगळं लिहितो.

थंडी होती, गर्दी होती. कामं गेल्यापासून सामन्याला पूर्वीपेक्षा जास्त माणसं येतात, दुसरं करायला काय आहे. करडी टोपी टिल्डनच्या बाजूला, वरून तिसऱ्या ओळीत.

पहिल्या डावापासून गेबवर दोघं. पुढे रिची, आणि मागे कर्टिस, माझा सेफ्टी. कर्टिस आमच्याकडचा सगळ्यात डोकेबाज पोरगा आहे. मी जे शिकवतो ते तो आधीच ओळखून बसलेला असतो. गेब बाहेर यायचा, सरळ पळायचा, थांबायचा. कोस्टेलोचं पोर मधून घुसायचं. प्रत्येक वेळी आमचा एक माणूस कमी पडायचा, आणि तो माणूस लांब मागे गेबची राखण करत उभा असायचा. आमची छोटी पोरं त्या रेड्याखाली चिरडून उठत होती आणि माझ्याकडे बघत होती.

मध्यंतरात कर्टिस आला. "कोच, तो पळतच नाहीये."

"दिसतंय मला."

"मग मी काय झाडाला पहारा देतोय का? मला मधे येऊ दे ना. दोन डावांत बंद करतो त्या जाड्याला."

"तू मागेच राहायचं. होलोवाचवरून नजर काढायची नाही. चेंडू वर गेला की मागून येऊन त्याच्यावर जायचं. जीव तोडून."

"पण कोच..."

"कर्टिस, सांगितलं ना."

तो गेला. चांगलं पोर आहे. सांगितलेलं करतं.

शेवटी शेवटी सामना त्यांचा झालाच होता. तेव्हा मी वर बघितलं तर करडी टोपी उठून कोट घालत होती. मी बघितलं ते व्हिटेकरनेही बघितलं असणार. इतक्या आठवड्यांत त्याने गेबकडे चेंडू टाकला नव्हता. आता टाकायला सांगितला. माणूस जायच्या आत त्याला काहीतरी दाखवावं, एवढंच त्याच्या मनात असेल. मला त्याचा राग येत नाही. यावा म्हणून प्रयत्न करून बघितला.

गेब निघाला. बारा यार्डांवर तो थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही. त्याने डावा पाय रोवला आणि उजवीकडे वळला. पीट, तसं वळण मी या खोऱ्यात पाहिलेलं नाही. रिची दुसरीकडेच गेला. रिचीच्या जागी कुणीही गेला असता. चेंडू हवेत होता आणि गेबच्या आसपास कुणी नव्हतं.

फक्त कर्टिस मागून येत होता, मी सांगितलं होतं तसा, जीव तोडून. दोघं एकदम वर गेले. चेंडू गेबने झेलला. हे लिहून ठेव कुठेतरी, त्याने तो झेलला. खाली आला तो डाव्या पायावर, आणि त्याच्यावर कर्टिस.

मी लोकांना सांगतो की आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला. नाही आला. बँड वाजत होता. मला फक्त कर्टिस उठताना दिसला, आणि तो ज्या तऱ्हेने दोन्ही हात वर करून मागे सरकला त्यावरून कळलं.

एक माणूस असता तर तो एकटा खाली आला असता. एक माणूस असता तर तो मैदानावरच नसता.

डॉक्टर म्हणाला, सप्टेंबरात आणला असता तर बरंच काही करता आलं असतं. आता शस्त्रक्रिया करून पाय चालण्यापुरता होईल. वाकेल किती ते सांगता येत नाही. डोलोरेसने विचारलं, "आणि खेळायला?" तेव्हा तो फाइल बंद करून म्हणाला की पोर अजून लहान आहे, दुसरं काहीतरी शोधेल. इथे काय शोधणार ते त्याने सांगितलं नाही.

करडी टोपी गेबला स्ट्रेचरवर ठेवेपर्यंत थांबली होती. टोपी हातात घेऊन. मग गेली.

ये, पीट. या वेळी मी टोमणा मारत नाहीये. बसने ये, पायी ये, कसाही ये.

एमिल


रविवार, २० नोव्हेंबर

पीट,

तू आला नाहीस. कदाचित तो ट्रेलर तू कधीच सोडला असशील, आणि ही सगळी पत्रं कुणीतरी दुसराच होलोवाच वाचून हसत असेल. तरी लिहितो, कारण एक गोष्ट तुला कळायला हवी, नाहीतर कधी आलास तर गडबड होईल.

शस्त्रक्रिया झाली. चर्चने वर्गणी काढली, टिल्डनमध्येही आणि कॉर्बीमध्येही. गुडघा लाकडासारखा आहे. युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, फार सभ्य आहे, लवकर बरा हो म्हणून. डोलोरेसने तुझा पत्ता फ्रिजवरून काढलाय. फेकला की ठेवला ते मी विचारलं नाही. माझं म्हणशील तर पुढच्या वर्षी कोच टिल्डनचेच राहतील. मी शाळेचे बॉयलर बघेन.

गेब रडला नाही. बघायला येईल त्याला एकच सांगतो, "कॉर्बीने माझ्यावर शेवटपर्यंत दोघं ठेवले होते. शेवटच्या डावापर्यंत." पेपरातही तसंच आलं, की अखेरपर्यंत त्याला एकट्यावर सोडायची कुणाची हिंमत झाली नाही. कात्रण त्याने पलंगाशेजारी लावलंय. येणारे मान डोलावतात. मी कोपऱ्यात बसलेलो असतो आणि मीही डोलावतो.

एकदा खोलीत कुणी नसताना तो मला म्हणाला, "थँक्स, अंकल."

मला सांगायचं होतं की बाळा, माझे आभार मानू नकोस. जो तुझ्यावर पडला तो दुसरा माणूस मीच तिथे उभा केला होता. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. म्हटलं, "मी नाही ठरवलं. शुक्रवारी दुपारी तुझ्या डॅडचा फोन आला होता. तो म्हणाला, माझ्या पोरावर दोन ठेव."

सामन्यानंतर पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. "डॅड म्हणाला असं?"

"हो."

"अजून काय म्हणाला?"

"एवढंच. घाईत होता."

"डॅड नेहमी घाईत असतो," तो म्हणाला, आणि किती तरी वेळ तसाच हसत पडून होता.

आता माझी गोष्ट माझ्या हातातून गेली. खरं सांगायला गेलो तर त्याचा तो फोनही जातो, आणि त्याच्याकडे दुसरं काही राहिलेलं नाही. म्हणून मी आयुष्यभर गप्प बसेन. तूही बस. कधी आलास आणि त्याने विचारलं तर म्हण की हो, मीच सांगितलं होतं. तू इतकं तरी करू शकतोस. तुला मैल मोजावे लागणार नाहीत.

आज तो पहिल्यांदा चर्चला आला. कुबड्या त्याला नको होत्या. आपल्या चर्चच्या पायऱ्या तुला माहीत आहेत, चढणारा धडधाकट असला तरी वर पोचेपर्यंत देवाची क्षमा मागतो. मी त्याला डाव्या बाजूने धरलं. कर्टिस आला होता, रोज येतो, नदी ओलांडून पायी, आणि खोलीबाहेर उभा राहतो. आत ये म्हटलं तरी येत नाही. आज गेबनेच त्याला हाक मारली. "ए कर्टिस, लांब काय उभा आहेस, सामना संपला. धर इकडून."

कर्टिसने धरलं. दोघांनी मिळून त्याला एकेक पायरी वर नेलं. मधेच गेब हसून म्हणाला, "बघ अंकल, अजून दोघं लागतात मला." कर्टिसला हसू आलं नाही. मलाही आलं नाही.

दुसऱ्या बाजूची ती जागा तुझी होती, पीट. तिथे कर्टिस होता.

एमिल